नवतप्याआधी स्लॅबकडे बघा

"नागपूर काय आजच तापलं का?" हवामान बदलाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. ते खोटंही नाही. 23 मे 2013 ला आपल्याकडे 47.9 अंश नोंदले गेले होते. 2024 च्या मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले, देशभर बोंब झाली आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. दुपारच्या आकड्यावर वाद घालत बसलं की असाच घोळ होतो. खरा बघायचा आकडा त्याच्या शेजारी असतो आणि तिकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तो म्हणजे रात्रीचं किमान तापमान. आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, रात्र निवू न देण्यात डोक्यावरच्या स्लॅबचाही हात असतो.

औद्योगिक काळाआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते, आता 420 च्या वर आहेत. हा वायू येणारं ऊन अडवत नाही. तापलेल्या जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवतो, आणि हे काम रात्रीही चालूच राहतं. शिवाय हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. तेही रात्रीची उष्णता धरून ठेवतं. पावसाळ्यात तेच बाष्प एकदम कोसळतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते आठवत असेलच. (एका पावसाचं खापर थेट हवामान बदलावर फोडता येत नाही, पण असे पाऊस वाढण्याची दिशा हीच आहे.)

दिवसभर उन्हात राबलेलं शरीर रात्री सावरतं. रात्रच निवली नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन कालच्या थकव्यावर चढतं. उन्हाचे बळी जातात त्यात या रात्रींचा वाटा मोठा असतो.

आता यात आपल्या घराचा हात किती, ते बघू. चार-पाच इंची उघडा स्लॅब मे महिन्याच्या दुपारी वरून 60 अंशांपर्यंत जातो. ती उष्णता खाली पोचायला तीन-चार तास लागतात, म्हणून छताची आतली बाजू सगळ्यात जास्त तापते ती संध्याकाळी, आपण जेवायला बसतो तेव्हा. पंखा मग तीच गरम हवा खाली ढकलतो. राखाडी काँक्रीट साधारण दोन तृतीयांश ऊन पिऊन टाकतं, ताजा पांढरा चुना सुमारे तीन चतुर्थांश ऊन परत फेकतो. वरच्या मजल्याच्या खोलीत 2 ते 5 अंशांचा फरक पडतो, तोही एक युनिट वीज न जाळता.

चुना लावायचा तर नीट लावा. हजार चौरस फुटांना तीन हातांसाठी अंदाजे 25 किलो कळीचा चुना धरा. किलोमागे पाच लिटर पाणी घालून लोखंडी ड्रममध्ये भिजवा. भिजताना तो उकळतो, प्लास्टिकची बादली वाकते आणि उडालेला थेंब डोळ्याला कायमची इजा करू शकतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. 24 तास ठेवून जाड कापडातून गाळा. दर दहा लिटरला 40 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. भिंतीच्या चुन्यात मीठ टाकायची पद्धत आहे, स्लॅबवर ते नको. भेगांतून क्षार उतरले की सळई गंजते.

चुना पावडर होऊन पायाला लागतो ही नेहमीची तक्रार. कारण जवळजवळ नेहमी एकच: कोरड्या, तापलेल्या स्लॅबवर दुपारी लावलेला असतो. पाणी उडून जातं आणि चुन्याला पकड घ्यायला वेळच मिळत नाही. आधी शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढा, छत धुवा, संध्याकाळी ओलसर स्लॅबवर पातळ उभा हात मारा. दुसऱ्या दिवशी आडवा, तिसऱ्या दिवशी पुन्हा उभा. जाड एकच थर दिला तर त्याचे पोपडे निघणार. मार्चमध्ये लावला की एप्रिलअखेर एकदा धूळ धुऊन काढा, नाहीतर नवतपा येईपर्यंत पांढऱ्याचा मळकट होतो आणि निम्मा उपयोग गेला. पावसाळ्यात बराचसा वाहून जातो, म्हणजे दरवर्षी लावणं आलंच. टिनावर चुना टिकत नाही. तिथे प्रायमर आणि पांढरा ॲक्रेलिक रंगच लागतो.

कूलरचं गणित वेगळं. 45 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर 28-29 अंशांची हवा देतो. जूनमध्ये पाऊस लांबला, 36 अंश आणि 60 टक्के आर्द्रता झाली, की तोच कूलर 31 च्या खाली येत नाही, आणि वर चिकचिक. पंप बदला, खस बदला, काही होत नाही. कारण दोष हवेतल्या बाष्पाचा. अशा वेळी पंप बंद करून नुसता पंखा चालवा. कोरड्या दिवसांतही समोरची खिडकी उघडी हवी, आत आलेली ओली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोलीत उमस होते. मोठा कूलर दुपारी ताशी 15-20 लिटर पाणी पितो, बोअरचं जड पाणी असेल तर खसावर क्षार बसून हवा अडते. आठवड्यातून एकदा टप पूर्ण रिकामा करून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आणि 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा, ओल्या हाताने लोखंडी कूलरला हात लावून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात.

एसी घेऊच नका असं म्हणणार नाही. घरात म्हातारं माणूस किंवा बाळ असेल तर घ्यावाच. पण दरवर्षी "गॅस संपला" म्हणून भरून घेऊ नका. गॅस संपत नाही, गळतो. बहुतेकदा तांब्याच्या नळीच्या फ्लेअर जोडातून, म्हणजे नळीचं तोंड पसरवून नटाने आवळलेल्या जोडातून. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायला लावा, जोड नवा करा, मगच गॅस. आर-32 या एसीतल्या गॅसचा एक किलो हवेत गेला की तो सुमारे 700 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. रोज आठ तास चाललेला दीड टनी एसी अख्ख्या उन्हाळ्यात 800 युनिट खातो, त्या विजेचा कार्बन डायऑक्साइड देशाच्या सरासरीने साडेपाचशे-सहाशे किलो. म्हणजे एक गळका जोड उन्हाळाभराच्या विजेला भारी पडतो, आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

सोलर जरूर लावा. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, दिवसाला 12 युनिटांच्या आसपास वीज होते आणि पॅनेलखालचा स्लॅब सावलीत जातो तो फायदा वेगळाच. फक्त रात्री अकराला चालणारा एसी अजूनही मुख्यतः कोराडीसारख्या कोळशावरच्या संचांवर चालतो. दिवसा दिलेली वीज बिलातून वजा करणारं नेट मीटर बिल फिरवतं, कोळसा नाही. म्हणून आधी छत, मग सोलर, मग एसी.

वर राहणारा भाडेकरू आणि खाली राहणारा मालक असेल तर छताची काळजी कोणालाच नसते. फ्लॅटमध्ये गच्ची सगळ्यांची, पण तापते ती वरच्या मजल्याला. तिथे एक सोपा मार्ग आहे. वॉटरप्रूफिंग सगळ्यांनाच हवं असतं आणि ठेकेदार सवयीने विटकरी किंवा हिरवा थर देतो. तोच थर पांढराही मिळतो. कोटेशनमध्ये रंग लिहून घ्या, काम सुरू व्हायच्या आत डबा उघडून बघा.