एन्झाइम आवरले तर पोळी चालेल का?

ताई, सिलिअॅकवरच्या (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते, तो आजार) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "सिलिअॅकमध्ये आतड्याची नासाडी शरीरातलेच एन्झाइम करतात, तर त्यांनाच आवर घाला. पोरीची पोळी का तोडता? जेवणाबरोबर एन्झाइमची गोळी दिली की ग्लूटेन पचेल." शिवाय धाकट्याचा गहूही तुम्ही आपणहून बंद केलाय.

पोरीच्या ताटातली पोळी काढून घेताना जीव तुटतो, हे मला कळतं. पण इथे दोन जातींच्या एन्झाइमची गल्लत होते आहे. गोळीतले एन्झाइम अन्न पचवतात. मी लेखात लिहिलं होतं ते मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज नावाच्या एन्झाइमबद्दल. पेशींना धरून ठेवणारं कोलॅजनसारख्या प्रथिनांचं जाळं ते तोडतात. त्यातला पहिला १९६२ साली ग्रॉस आणि लापिएर यांना बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत सापडला. बेडूक होताना ती शेपटी जिरते कशी, याचा ते शोध घेत होते. आपल्यालाही जखम भरताना हे एन्झाइम लागतातच.

सिलिअॅकमध्ये त्यांना कामाला लावतं ते ग्लूटेन. त्यातला ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा जठराच्या आणि स्वादुपिंडाच्या एन्झाइमना दाद देत नाही. आतड्यातलं ट्रान्सग्लुटामिनेज हे एन्झाइम अशा तुकड्यांत थोडा रासायनिक बदल करतं. मग ते रोगप्रतिकारक पेशींवरच्या डीक्यू२ किंवा डीक्यू८ या रेणूंवर घट्ट बसतात आणि टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) खवळतात. त्यांच्या इशाऱ्यावर अस्तराखालच्या पेशी मेटॅलोप्रोटीनेज ओतू लागतात. १९९७ साली लंडनच्या संशोधकांनी मानवी गर्भाच्या आतड्याचे तुकडे प्रयोगशाळेत जगवून त्यातल्या टी-पेशी चेतवल्या, तेव्हा अस्तर उद्ध्वस्त झालं. मेटॅलोप्रोटीनेज रोखल्यावर ते वाचलं. (आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे अंकुर सपाट होण्यात अस्तराच्या पेशी थेट मारणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचाही मोठा हात असतो.)

मग हेच एन्झाइम औषधाने का रोखत नाहीत? कर्करोगात तसं करून पाहिलं गेलं. सरसकट सगळे मेटॅलोप्रोटीनेज रोखणाऱ्या औषधांनी रुग्णांचे सांधे आणि स्नायू दुखून आखडले. ट्रान्सग्लुटामिनेज रोखणाऱ्या गोळीची चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. रोज ३ ग्रॅम ग्लूटेन खाणाऱ्यांच्या अस्तराचं नुकसान तिने कमी केलं. मला त्यातून खरी आशा वाटते, पण पोळी खायची मुभा त्यातून मिळत नाही. आणि दुकानातल्या पाचक गोळीच्या भरवशावर तर सिलिअॅकच्या मुलीला गहू मुळीच देऊ नका.

ज्वारी, नाचणी, तांदूळ तिला खुशाल द्या. फक्त गिरणीत गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेलं पीठ नको. हिंगाच्या डबीवरचे घटकही वाचा, बांधणीच्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं.

धाकट्याचं मात्र ऐका. सख्ख्या भावंडांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून त्याची टीटीजी तपासणी (ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) व्हायलाच हवी. पण गहू बंद असताना रक्तातली प्रतिपिंडं उतरतात आणि आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. त्याचा गहू पुन्हा कधी आणि किती दिवस सुरू करायचा, हे तपासणीआधी डॉक्टरांना विचारा.