वाकळेची गोट मशीनवर लावली तर खरंच सुटते?

घटस्थापना जवळ आली की खानापूरपासून निपाणीपर्यंत बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यात लिहिलेलं असतं: 'वाकळेची गोट हातानंच घालावी, मशीनची दोन धुण्यांत सुटते. पट्टी उरेबच घ्यावी. मशीनला कोपरे जमत नाहीत.' वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली गोधडी, गोट म्हणजे तिच्या कडेवर दुमडून शिवलेली पट्टी, आणि उरेब म्हणजे कापडावर तिरपी कापलेली पट्टी. मी कितीतरी वर्षं वाकळा शिवते, शेजारच्या कन्नड घरांच्या कौद्या, म्हणजे त्यांच्या गोधड्याही. हा मेसेज वाचून चांगल्या शिवणाऱ्या पोरी मशीन झाकून ठेवतात, म्हणून लिहिते.

आधी 'दोन धुण्यांत सुटते' हे बघू. हाताचा धावदोरा एकाच दोऱ्याचा असतो. मलप्रभेच्या दगडावर वाकळ आपटताना तो एका जागी तुटला, की दोन्ही बाजूंनी सरकायला लागतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे कापडाच्या आत एकमेकांत अडकतात. 1846 साली इलायस हाऊ यांनी पेटंट घेतलेल्या मशीनचा टाका असाच होता. एखादा टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. मात्र ताण नीट हवा. खालचा दोरा तारेसारखा सरळ पडला असेल, तर ती टीप नुसती ओढली तरी निघते. म्हणून आधी त्याच जाडीच्या चिंधीवर टीप मारून दोन्ही बाजू बघाव्यात.

मग गोट सुटते ती का? मागच्या वर्षी एका मावशींनी वाकळ आणली, 'मशीनची गोट, बघ कशी लोंबतेय' म्हणत. मी कड उलटी करून बघितली. पट्टी एकेरी होती, वरून एकच टीप मारलेली, आणि खालच्या बाजूला हातभर लांबीत ती टीप पट्टीला लागलीच नव्हती, शेजारच्या लुगड्यावरूनच गेली होती. जिथं लागली होती तिथं पट्टी बोटात धरली तर आत पोकळ, वाटाण्याच्या रिकाम्या शेंगेसारखी. अशी पोकळ कड घासून लवकर फाटते, मग टाका हाताचा असो की मशीनचा.

मी करते ते असं. तीन इंची पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करायची. तिच्या दोन्ही मोकळ्या कडा वाकळेच्या मागच्या बाजूला, वाकळेच्या कडेशी जुळवायच्या आणि एक सेंटिमीटर आत टीप मारायची. मग पट्टी पुढं वळवायची. घडीची कड पहिल्या टिपेच्या किंचित पुढं यायला हवी. तिथं टाचण्या लावून कडेलगत दुसरी टीप. ही टीप डोळ्यांसमोर पडते, त्यामुळे पट्टी सुटून राहत नाही. कडेची जास्तीची लुगडी कापून टाकू नका, गोट त्यांनीच भरते. पाच बाय सात फुटांच्या वाकळेला पाऊण मीटर पॉपलीन पुरतं. जोड तिरपे घ्यावेत, म्हणजे सगळी जाडी एका जागी साठत नाही.

उरेबचं म्हणणं अर्धं खरं आहे. सरळ पट्टीत घडीच्या कडेवर तेच ते दोरे लांबीनं येतात, ते झिजले की पट्टी लांबवर फाटते. उरेबीत दोरे आडवे-तिरपे जातात, म्हणून फाटणं तिथंच थांबतं. पण दुहेरी घडीच्या सरळ पट्टीत वरचा पदर गेला तरी खालचा उरतो. शिवाय उरेब ताणली जाते, नवख्या हातात सरळ कड लहरते. गोल कोपऱ्यांना मात्र उरेबच हवी, तिथं वाद नाही.

कोपऱ्याचं काय, तर एक सेंटिमीटर अलीकडे थांबायचं, दोरा तोडायचा, पट्टी सरळ वर दुमडून पुन्हा खाली आणायची आणि कडेपासून नवी टीप सुरू करायची. पुढं वळवल्यावर तिरपी घडी आपसूक पडते. पहिले दोन कोपरे बिघडतील, तिसऱ्याला हात बसतो.

'जाड वाकळेला घरची मशीन चालत नाही,' असंही त्या मेसेजखाली कोणीतरी जोडतंच. माझी काळी पायमशीनच आहे. 18 नंबरची सुई, टाका तीन मिलिमीटरचा, कापड दाबणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब थोडा सैल, आणि कोपऱ्यावर चाक हातानं फिरवायचं. मधला धावदोरा मी अजून हातानंच घालते, तो मला मशीनवर आवडत नाही. गोट मात्र मशीनवरच. पुढची टीप झाली की वाकळ उलटी करून नखानं सगळी कड चाचपते. कुठं नख आत शिरलं, की तेवढीच टीप उसवून पुन्हा मारते.