शून्य रो आणि गोवऱ्या

परवा ऑफिसच्या ग्रुपवर मीच तोऱ्यात टाकलं होतं, "कीवर्ड तपासले. मिसिंग शून्य, डुप्लिकेट शून्य." कीवर्ड म्हणजे सर्चमध्ये माल सापडावा म्हणून प्रत्येक वस्तूला जोडलेले शब्द. पूजेच्या सामानाचं ऑनलाइन दुकान, गणपती तोंडावर आलेले, आणि सर्चमध्ये माल सापडत नाही म्हणून सर सकाळपासून डोकं खात होते, त्यामुळे जरा मिरवलं तर काय बिघडलं?

अर्ध्या तासात हिशेबाचे काका टेबलाशी हजर. हातात जाडजूड प्रिंटआउट, लाकडी फूटपट्टी, लाल पेन. काकांनी पूर्ण यादी फूटपट्टी सरकवत ओळ न् ओळ वाचली होती. कागदाचे पैसे कोण देतं देव जाणे, मला एक कीबोर्ड मागायचा तर तीन मेल लिहावे लागतात.

"हे बघ, गोवऱ्या दोनदा."

"नाही काका, ते वेगळे आहेत."

"वेगळे? हे गोवऱ्या. हे गोवऱ्या."

"दिसायला सारखे आहेत, आतून वेगळे."

काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, फूटपट्टी दोन्ही शब्दांखाली आळीपाळीने लावली. "आतून म्हणजे? एक गायीच्या, एक म्हशीच्या का?"

शेजारची टेस्टिंगची पोरगी फस्सकन हसली. मी इरेला पेटून दोन्हींची लांबी, म्हणजे मशीन त्यात किती चिन्हं मोजतं ते, काढून दाखवली, एकाची ७, दुसऱ्याची ८. तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक टिंबवाला ऱ घेऊन, दुसरा साधा र, हलंत आणि त्यामागे एक झिरो विड्थ जॉइनर, जो दिसत नाही पण असतो. म्हणून ग्रुप बाय करून, म्हणजे सारखे शब्द एकत्र मोजून, हॅविंग काउंट एकापेक्षा जास्त लावलं तरी आमचा डेटाबेस पोस्टग्रेस बिचारं म्हणतं, दोन शब्द, दोघांचा काउंट एक-एक.

काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे न दिसणारं तुझ्या मशीनला दिसतं, आणि दिसणारं दिसत नाही."

यावर काय बोलणार? पाणी प्यायले.

मग त्यांनी पान उलटलं. कापूर, वाती, समई, तिन्हींपुढे कीवर्डचा रकाना कोरा. माझी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मात्र शून्य रो, म्हणजे एकही ओळ नाही, सांगत होती. हा गाढवपणा माझाच, आधीच कबूल करते. कीवर्ड नसलेला माल शोधायला मी नॉट इन ('या यादीत नसलेले दे') वापरलं होतं, आणि कीवर्डच्या टेबलात कुणीतरी प्रॉडक्ट आयडी नल, म्हणजे रिकामा, ठेवून एक अनाथ रो सोडली होती. त्या यादीत एक जरी नल असला की नॉट इन कुणाबद्दलच 'यादीत नाही' असं ठामपणे म्हणत नाही, म्हणतं 'माहीत नाही', आणि माहीत नसलेल्या रो येतच नाहीत. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं. गळतीचं विचारा, नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही, आणि छत गेली दोन वर्षं गळतंच आहे. असो. त्याऐवजी नलला न अडखळणारं नॉट एक्झिस्ट्स लावल्यावर एकदम १९ वस्तू बाहेर आल्या.

मी म्हटलं झालं आता, जावा काका. पण काका कोल्हापूरचे.

"आणि शेणी कुठाय?"

"काय?"

"गोवऱ्या तुम्ही म्हणता. आमच्याकडं शेणी म्हणतात. यादीत शेणी कुठाय?"

आता हे कुठल्या क्वेरीत शोधायचं सांगा. रकाना भरलेला होता, डुप्लिकेट नव्हता, फक्त तो शब्द आमच्यापैकी कुणाच्या तोंडातच नव्हता. ते गेल्यावर मी गुपचूप सर्चचा लॉग काढला, ज्या शोधांना रिझल्ट शून्य तेवढेच वेगळे केले, ग्रुप करून उतरत्या क्रमाने लावले. शेणी, ११ वेळा.

जॉइनरवाले शब्द रिप्लेसने सरळ केले, त्यातून जुळे झालेले आणि ती अनाथ रो उडवली, मग तेच पुन्हा येऊ न देणारा युनिक इंडेक्स घातला, नलवर बंदी घातली, रात्री साडेनऊला घरी गेले. सकाळी ग्रुपवर सरांचा मेसेज होता, "वेल डन काका! यापुढे फायनल चेक काका करतील." खाली काकांचा अंगठा. मला कुणी टॅगसुद्धा केलं नव्हतं.