‘परफ्यूम’ या एका शब्दाआड

गेल्या पावसाळ्यात माझ्या मानेवर आणि कानांच्या मागे पुरळ उठले, ते दोन महिने हटेना. आधी घामोळे समजून त्यावर सुवासिक टाल्कम पावडर थापली, म्हणजे आगीत तेलच ओतले. शेवटी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तर त्यांनी औषध लिहिण्याआधी फर्मावले की अंगाला, केसांना आणि कपड्यांना जे जे लावता ते सगळे एका पिशवीत भरून आणा. पिशवीत अकरा वस्तू निघाल्या. स्वतःला साधा माणूस समजणाऱ्या मला हा आकडा पाहून ओशाळल्यासारखे झाले.

पुढे पॅच टेस्ट झाली. पाठीवर चिकटपट्ट्या लावून दोन दिवस अंघोळ बंद, मग पट्ट्या काढून पाहणी आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाहणी. ‘फ्रेग्रन्स मिक्स’ लिहिलेल्या ठिकाणी रुपयाएवढा लाल, खाजरा चट्टा उठला होता. या मिश्रणात आठ पदार्थ असतात. लवंगेतले युजेनॉल, दालचिनीतले सिनामल, गुलाबात आणि जिरेनियममध्ये आढळणारे जेरॅनिऑल, ओकमॉस नावाच्या एका प्रकारच्या दगडफुलाचा अर्क वगैरे. त्यांपैकी निदान एक तरी मला सोसत नाही, एवढे निश्चित झाले.

खरी अडचण इथून पुढे आहे. घरी येऊन भिंग घेऊन अकराही वेष्टने वाचली. पाणी, ग्लिसरीन, सल्फेट, रंगाचा क्रमांक असे सगळे ओळीने छापलेले होते आणि सुगंधाच्या जागी बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता, ‘परफ्यूम’. या एका शब्दात कधी दहा-वीस, तर कधी शंभराहून अधिक पदार्थ मावतात. वास टिकावा किंवा विरघळावा म्हणून घातलेले, स्वतःला फारसा वास नसलेले डायइथाइल थॅलेटही त्यातच खपून जाते. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटक छापावे लागतात. पण माझ्या पिशवीतल्या वस्तूंपुरते बोलायचे तर ही यादी नेमकी माझ्या दुखण्यापाशी येऊन मुकी होते.

भाच्याने जर्मनीहून आणलेल्या लोशनच्या बाटलीवर मात्र ‘परफ्यूम’नंतर स्वल्पविराम देऊन लिनालूल, लिमोनीन, जेरॅनिऑल अशी नावे होती. युरोपीय संघात २००५ पासून अशी २६ नावे ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असल्यास छापणे सक्तीचे झाले. अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्का आणि धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्का, ही ती मर्यादा. २०२३ मध्ये ही यादी ऐंशीच्या पुढे नेण्यात आली. त्या २६ मध्ये लिलिअल हा पदार्थ होता. प्रजननक्षमतेला अपाय होऊ शकतो म्हणून १ मार्च २०२२ पासून तिथे त्यावर बंदी आली. नाव छापलेले असल्यामुळे तिथल्या गृहिणीला बंदीची बातमी वाचून न्हाणीघरातली बाटली उलटून पाहता आली. आपल्याला काय पाहता आले असते?

सूत्र गोपनीय असते, हे कंपन्यांचे म्हणणे मी समजू शकतो, पण ते मला पटत नाही. नुसत्या नावांवरून प्रमाण कळत नाही आणि प्रतिस्पर्ध्याला हवेच असेल तर तो गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, नमुना घालून बरेचसे घटक ओळखू शकतो. मग हे गुपित उरते ते फक्त गिऱ्हाइकापुरते.

आमचे शहर एकेकाळी गुलशनाबाद, म्हणजे बागांचे शहर, म्हणवले जायचे, त्यामुळे सुवासाशी माझे वैर असण्याचे कारण नाही. ‘केमिकल-फ्री’ हा शब्द तर मला हास्यास्पदच वाटतो, कारण पाणीही रसायनच आहे. बहुसंख्य लोकांना या पदार्थांनी काहीही होत नाही. पण भद्रकालीतल्या दुकानात ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून कानात अत्तराचा फाया ठेवला, तरी लवंगेतले युजेनॉल माझ्यासाठी निराळे होत नाही. उलट लिमोनीन आणि लिनालूल हवा लागून जुनी झाली की अधिक त्रासदायक ठरतात, म्हणून वर्षानुवर्षे पुरवून वापरलेल्या बाटलीचा अभिमान बाळगू नये. ‘अनसेंटेड’ हा शब्दही फसवा आहे, कारण मूळ वास झाकण्यासाठी त्यात दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. आईच्या हातच्या उटण्यात नागरमोथा, कापूरकाचरी, आंबेहळद असे जे पडायचे ते घरात सर्वांना ठाऊक असायचे. गेल्या दिवाळीला आणलेल्या पाकिटावर मात्र या नावांच्या शेवटी पुन्हा तोच एक शब्द होता.

ज्या लोशनवर माझा सर्वाधिक संशय आहे, त्याच्या उत्पादकाला मी पत्र लिहिले. ‘गोपनीयतेमुळे माहिती देता येत नाही’ असे नम्र उत्तर आले. दुसऱ्या पत्रात मी त्या आठ पदार्थांची नावे एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहून पाठवण्याची विनंती केली. त्याला आता सात आठवडे झाले असून ती बाटली अर्धी भरलेली तशीच फळीवर उभी आहे.