चॉकलेट घ्या, वही काढा

पुण्यात चार वर्षं जपानी शिकलात, कांजी लिपी घोटून घोटून डोळे गेले, आणि आता टोकियोतल्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र आलंय. अभिनंदन! आईनं बॅगेत भाजणी आणि मेतकूट कोंबलं असेलच. त्याच्या शेजारी एक वही ठेवा. दोनशे पानी, रेघांची. लग्नात मांडवाच्या दाराशी एखादे काका आहेर लिहून घ्यायला बसतात ना, त्यांच्यापुढं असते तसली. फेब्रुवारीत लागेल.

१४ फेब्रुवारीला सकाळी तुम्ही ऑफिसात पोचाल. शेजारच्या टेबलावरची सहकारी, जिच्याशी सहा महिन्यांत ‘सुप्रभात’ आणि ‘दमला असाल’ याखेरीज तुमचं अवाक्षर झालेलं नाही, ती दोन्ही हातांत एक छोटी पुडी धरून तुमच्यासमोर उभी राहील. किंचित वाकेल. मनातल्या मनात लगेच सनई-चौघडा सुरू करू नका. आधी मान वर करून चहूकडे बघा. तीच पुडी, तोच कागद, तीच रिबीन साहेबांच्या टेबलावर आहे. साहेबांच्या साहेबांच्या टेबलावर आहे. महिनाभर जो सर्दीनं शिंकतोय, त्या हिशेबनिसाच्याही टेबलावर आहे. व्हॅलेंटाइनला बायकांनी ऑफिसातल्या पुरुषांना वाटायच्या या चॉकलेटला म्हणतात गिरी-चोको.

गिरी हा शब्द मराठी माणसाला नवा वाटायचं कारण नाही. दादागिरी, हुजरेगिरी, मुकादमगिरी. आपण ती शब्दाच्या मागं लावतो, जपान्यांनी पुढं लावली, एवढंच. अर्थ मात्र वेगळा. चार माणसांत राहायचं तर जे करावंच लागतं, मनात असो वा नसो, ते गिरी. आपण त्याला मानपान म्हणतो आणि त्यापायी ठरलेल्या सोयरिकी मोडतो. तिथं मोडत नाहीत, कारण तिथं सगळे वेळेवर देतात.

दुसरा प्रकार होनमेई-चोको. हे खरं, मनापासूनचं. होनमेई हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतही चालतो; जो जिंकणार म्हणून सगळे पैसे लावतात तो घोडा. आपण तो घोडा आहोत की नाही, हे कसं ओळखायचं? चॉकलेट हातानं केलेलं असेल तर आशेला जागा आहे. हातानं केलेलं म्हणजे कोकोच्या बिया भाजून पाट्यावर वाटलेलं, असं समजू नका. दुकानातली चॉकलेटची लादी आणायची, वितळवायची, बदामी साच्यात ओतायची आणि पुन्हा थिजवायची. विकतच्या श्रीखंडात चार केशरकाड्या टाकून ‘घरचंच हो’ म्हणणाऱ्या मावशीला यापुढं हसू नका. तिची कला सातासमुद्रापार पोचलेली आहे.

उगाच कुणाचा गैरसमज नको, म्हणून बाजारानं सोयही केली आहे. ब्लॅक थंडर नावाचा एक चॉकलेटचा तुकडा मिळतो, खिशातल्या चिल्लरमध्ये येणारा. ‘बघताक्षणी कळतं, हे गिरी आहे’ अशी त्याची जाहिरात होती. बाकीचे चॉकलेटवाले प्रेम विकतात. यांनी प्रेम नसल्याची हमी विकली आणि तीही स्वस्तात. तुमच्या हाती हा आला तर निश्चिंत व्हा. खा, आणि वहीत लिहा.

आता तुम्ही विचाराल, ही प्रथा किती प्राचीन? फारच. थेट १९३६ सालची. कोबेच्या मोरोझोफ या मिठाईवाल्यांनी जपानातल्या परदेशी लोकांसाठी निघणाऱ्या इंग्रजी वर्तमानपत्रात व्हॅलेंटाइनची जाहिरात दिली. जपान्यांना त्याचा पत्ताही लागला नसावा. मग १९५८ मध्ये मेरी चॉकलेटनं टोकियोत, शिंजुकूच्या इसेतान या बड्या दुकानात फलक लावून विक्री मांडली. तीन दिवसांत खपलं काय? पन्नास येनच्या तीन लाद्या आणि वीस येनचं एक कार्ड. एकूण १७० येन. आपल्याकडं एवढ्या गल्ल्यावर माणूस दुकान मोडून रिक्षा घेतो. यांनी पुढच्या वर्षी बदामी आकाराचं चॉकलेट काढलं आणि सांगितलं, की वर्षातून या एका दिवशी बाईनं पुरुषाला मनातलं सांगावं. फेब्रुवारी म्हणजे तिथल्या दुकानदारांचा मंदीचा महिना. मंदी आणि प्रेम यांची पत्रिका अशी जुळली. सत्तरीच्या दशकात शाळेतल्या मुलींनी ती उचलून धरली, त्यांच्यामागून ऑफिसं आली. सांगायचा मुद्दा, कुणी ‘आमची परंपरा’ म्हणालं तर आदरानं मान डोलवा. परंपरेच्या वयाचे काका तुमच्याही घरी आहेत.

पण इथवर वहीची डावी बाजूच भरली. नुसती जमा. कुठल्याही सुसंस्कृत समाजाला हे सहन होणार नाही. फुकुओकातल्या हाकाता भागात इशिमुरा मानसेइदो म्हणून मिठाईचं जुनं दुकान आहे. त्यांनी १९७८ मध्ये १४ मार्चला ‘मार्शमॅलो दिन’ काढला. पुरुषांनी घेतलेलं चॉकलेट पांढऱ्या मऊ मार्शमॅलोत गुंडाळून परत करावं, अशी कल्पना. मग गोळ्या-मिठाईवाल्यांच्या देशव्यापी संघटनेच्या लक्षात आलं, की साखरही पांढरीच असते. १९८० पासून ‘व्हाइट डे’ सुरू.

परतफेड किती करायची? इथं नीट लक्ष द्या. लोकांत बोलला जाणारा दर आहे ‘सानबाइ-गाएशी’, म्हणजे तिप्पट. आपल्याकडं एकशे एकाच्या आहेराला एकशे एक्कावन्न परत केले तरी माणूस उदार ठरतो. तुमच्या पतपेढीतल्या कुठल्याही ठेवीला महिन्याभरात तिप्पट मिळत नाही, मिळत असेल तर आजच काढून घ्या. म्हणून ब्लॅक थंडर देणारीला मनोमन दुवा द्या. तिनं तुमचं कर्ज आटोक्यात ठेवलंय.

काय द्यायचं, यालाही भाषा आहे. गोळी दिली तर ‘आवडतेस’. बिस्किटं दिली तर ‘मैत्रीण आहेस’. आणि मार्शमॅलो दिला तर ‘नको’. होय, ज्या मार्शमॅलोपासून हा सण निघाला, तोच आता नकाराचा निरोप समजला जातो. मी पहिल्या वर्षी मोठ्या अभ्यासूपणानं सणाचा इतिहास वाचला आणि सगळ्या सहकारी बायकांना मार्शमॅलोच वाटले. एकाच दुपारी अकरा जणींना नकार देणारा कोल्हापूरचा मी पहिलाच असेन. त्यांतल्या नऊ जणींनी काही विचारलंच नव्हतं.

बायकांनो, तुमची वही जाड घ्या. ऑफिसात पुरुष किती, त्यांतले बढतीच्या कागदावर सही करणारे किती, कुणाला एक आणि कुणाला तीन, सगळं तुम्हालाच ठरवायचं आहे. कुणाला वगळलं तर वर्षभर लक्षात राहतं. कुणाला जास्त दिलं तर दोन वर्षं. हळदीकुंकवाचं वाण शेजारच्या इमारतीतल्या किती जणींना द्यायचं, यावर ज्यांच्या घरी युद्धं झाली आहेत, त्यांना हे काम सोपं जाईल. शिवाय मैत्रिणींसाठी तोमो-चोको वेगळं. या सगळ्यातून उरलेल्या पैशांत मोठ्या दुकानाच्या तळघरात जा, रांगेत उभ्या राहा आणि स्वतःसाठी एक भारीतली पेटी घ्या. त्याला जिबुन-चोको म्हणतात. वहीत त्याची नोंद करायची नसते.

२०१८ च्या १ फेब्रुवारीला गोडिवा या महागड्या चॉकलेटवाल्या कंपनीनं जपानच्या अर्थविषयक दैनिकात पानभर जाहिरात दिली, की जपाननं आता गिरी-चोको थांबवावं. १४ तारीख सुट्टीच्या दिवशी आली की काही बायकांना मनातून हायसं वाटतं, असं त्यात होतं. खुद्द चॉकलेटवाल्यानं ‘चॉकलेट वाटू नका’ म्हणणं म्हणजे केवढा त्याग! गोडिवाची पेटी गिरी म्हणून वाटायला कुणाला परवडतच नव्हती, हे चहाडखोर लोक सांगतील. तिकडं दुर्लक्ष करा. ब्लॅक थंडरवाल्यांनी तेवढं सांगून टाकलं, की त्यांचं त्यांच्यापाशी, आमचं आमच्यापाशी.

हायसं वाटण्याचा तो मुद्दा मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. लीप वर्ष नसेल तर फेब्रुवारी बरोबर चार आठवड्यांचा असतो, म्हणून १४ फेब्रुवारीला जो वार, तोच १४ मार्चला. २०२७ मध्ये दोन्ही रविवारी आहेत. एकाच वर्षात घेणंही टळतं आणि देणंही. रुजू व्हायची तारीख तुमच्या हातात असेल तर त्या हिशेबानं मागून घ्या. फक्त आधीच्या शुक्रवारी, १२ तारखेला संध्याकाळी, कुणी कागदी पिशवी घेऊन टेबलाटेबलाशी थांबत तुमच्याकडं येताना दिसलं, तर जिन्याचं दार डाव्या हाताला असतं.