मऊ चिलखताला माप लागत नाही म्हणे!

मध्ययुगीन युरोपातल्या लढाया उभ्या करण्याचा छंद नव्याने लागला की कुणी ना कुणी एक सल्ला ऐकवतोच. थोडक्यात तो असा: "माप घ्यायचं ते लोखंडी चिलखताचं. गॅम्बेसन, म्हणजे आत भरण घालून शिवलेला मऊ चिलखती कोट, शेवटी बाह्या असलेली रजई. दोन साइज मोठा घ्या आणि वरून पट्टा आवळा. चामडं काय, वापरून वापरून अंगावर बसतंच. दोन्ही जितकं जाड तितकं बरं. आणि हे तर गरीब शिपायांचं चिलखत, त्यांची मापं घ्यायला कोण बसलं होतं?" सल्ला सोपा आहे आणि डोक्याला ताप देत नाही, म्हणून पसरतो. त्यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची पैसे पाण्यात घालणारी.

"दोन साइज मोठा घ्या." अर्धं खरं ते हेच. अस्तर, भरण आणि वरचं कापड मिळून दीड सेंमी जाडी झाली, तर कोटाचा बाहेरचा घेर आतल्यापेक्षा नऊ-साडेनऊ सेंमीने जास्त भरतो. बाहेरून 110 सेंमीचा कोट आतून जेमतेम 100 सेंमीचा. तुमची छाती 100 असेल, तर तो घालून खोल श्वाससुद्धा घेता येणार नाही. यावरचा उपाय म्हणजे विकणाऱ्याला "हे माप आतलं की बाहेरचं?" एवढं विचारणं. डोळे झाकून दोन आकडे वर जाणं हा उपाय नव्हे.

कारण आकडा वाढला की नुसती छाती वाढत नाही. खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि मुंढा काखेच्या खाली लोंबतो. मुंढा लोंबता असला की हात मोकळा राहील असं वाटतं, होतं नेमकं उलटं. बाही धडाला जोडलेली जागा काखेच्या चार बोटं खाली असेल, तर हात उचलताना बाहीबरोबर अख्खा कोट वर ओढला जातो. तलवार डोक्यावर नेली की कॉलर हनुवटीला भिडते, खालचा घेर कमरेवर गोळा होतो आणि दर वाराला आपण तलवारीबरोबर कोटाचंही ओझं उचलत राहतो. त्यात पट्टा आवळलेला असेल तर कोटाला वर सरकायलाही वाव नाही, मग हात खांद्याच्या वर जातच नाही. "गॅम्बेसनमध्ये हात उचलत नाहीत, तेव्हाही असंच होतं" असं म्हणणाऱ्यांचे कोट जरा बघा. दहातल्या नऊ वेळा दुखणं मुंढ्यातच सापडेल.

तेव्हा कसं होतं, हे लिहून ठेवलेलं आहे. फ्रान्सचा राजा अकरावा लुई (राज्यकाळ 1461 ते 1483) याच्या एका फर्मानात सैनिकांचा 'जॅक' (गॅम्बेसनसारखाच थरांचा कोट) कसा असावा ते सांगितलंय. कापडाचे 30, निदान 25 थर आणि वर सांबराच्या जातीतल्या हरणाचं कातडं. कापड वापरून मऊ झालेलं असेल तर उत्तम. आणि मग शिंप्यासाठी सूचना: मुंढा मोठा हवा, पण तो खांद्याच्या हाडावर नको, गळ्याच्या जवळ हवा. काखेत आणि हाताखाली कापड भरपूर हवं. कॉलर मागून फार उंच नको, कारण तिथे सॅलेट शिरस्त्राणाची मागची बाजू येते. जॅकच्या आत बिनबाह्यांची, दोनच पदरांची बंडी, तिला पायातले तंग मोजे बांधायचे. असं केलं तर माणूस जॅकमध्ये जणू तरंगतो, असं फर्मान म्हणतं.

'सैल घ्या'वाले हे तरंगणं पुराव्यादाखल पुढे करतात. पण त्याआधीच्या सगळ्या ओळी मुंढा कुठे कोरायचा, कॉलर किती ठेवायची आणि आत काय घालायचं याच आहेत. मोकळीक कापणीतून येते, साइजच्या चिठ्ठीतून नाही. डोळ्यांनी बघायची असेल तर फ्रान्समध्ये ल्यों इथल्या वस्त्रसंग्रहालयातला शार्ल द ब्लवाचा पुरपॉइंट, म्हणजे भरण घालून शिवलेला अंगासरशी कोट, बघावा. हा सरदार 1364 मध्ये ओरेच्या लढाईत मारला गेला. कोट दरबारी आहे, लढाईचा नाही. पण त्याचे मुंढे छाती आणि पाठीत खोलवर कोरलेले आहेत, बाहीत कळ्या घातल्यात आणि कंबर अंगासरशी आहे.

कमरेचंही तेच. वरच्या साखळी-चिलखताचं ओझं खांद्यावरून कमरेवर उतरवायला पट्टा लागतो, तो ढगळ कोट आवळण्यासाठी नव्हे. ढगळ कोट आवळला की पाठीला जाड चुण्या पडतात, आणि त्यांच्यावर चिलखत चढवून दुपारभर उभं राहिलं की कुठली चुणी कुठे होती ते रात्री पाठच सांगते.

"चामडं अंगावर बसतं." कुठलं चामडं? झाडाच्या सालींच्या टॅनिनने कमावलेले पातळ पट्टे वापराने मऊ पडतात, हे खरं. पण चिलखताचं चामडं मुद्दाम कडक केलेलं असतं. भिजवून, उष्णता देऊन ते साच्यावर बसवतात. या प्रक्रियेत ते आक्रसतं, जाड होतं आणि वाळलं की लाकडासारखं टणक होतं. उष्णता जास्त झाली तर ठिसूळ. म्हणजे बसायचं ते ओलं असतानाच. त्यानंतर महिनोन् महिने घातलंत तरी ते बसणार नाही, तुम्हाला टोचत राहील. आणि खरोखरच अंगाचा आकार घ्यायला लागलं, तर ते घामाने आणि उबेने सैल पडलंय, मार थोपवण्याची ताकद घालवून बसलंय असं समजा. क्रोम-टॅन चामड्याची तर बातच सोडा. ते 19व्या शतकातलं, कितीही तापवलं तरी तसं कडक होत नाही. कापलेली कड बघितली की आत बहुधा निळसर-करडी छटा दिसते. सालीच्या चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी.

चामड्याच्या छातीकवचाचं माप छातीच्या घेरावरून घेणं ही नेहमीची चूक. दोन्ही हातांनी लांब तलवार धरल्यासारखे हात समोर जोडा. कवचाची कड खांद्याच्या पुढच्या खळगीत रुतली, तर वरची रुंदी जास्त आहे. मग खाली बसा. खालची कड मांडीला लागून कवच गळ्याकडे सरकलं, तर लांबी जास्त आहे. ही कड कमरेच्या सर्वांत बारीक जागी संपायला हवी, पोटाच्या खाली नाही.

"जितकं जाड तितकं बरं." कशासाठी, हे आधी ठरवा. एकटंच घालायचा कोट जाड चालतो, पण साखळीच्या किंवा पत्र्याच्या आत घालायचा पातळच हवा, नाहीतर वरचं काहीच बसत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला जाड भरण असेल तर हात दुमडताना तिथे गुठळी होते. पॉलिएस्टरचं भरण घाम शोषत नाही, त्यामुळे आत भट्टी पेटते. चामड्याबाबत मात्र नियम आधी वाचा. 1966 पासून चालत आलेल्या एससीए या मध्ययुग उभं करणाऱ्या हौशी लोकांच्या संस्थेच्या वेताच्या तलवारींच्या लढतींत 'जड चामडं' म्हणजे सुमारे 4.4 मिमी जाडीचं कडक चामडं.

"गरिबांचं चिलखत." इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीच्या 1181 च्या शस्त्र-आदेशात साध्या स्वतंत्र नागरिकांना गॅम्बेसन, लोखंडी टोपी आणि भाला बाळगायला सांगितलंय, हे बरोबर. पण 1376 मध्ये वारलेल्या ब्लॅक प्रिन्सचा उभ्या टिपांचा मखमली जुपॉन (चिलखतावरून घालायचा भरणाचा कोट) कँटरबरी कॅथीड्रलमध्ये आहे. तो राजपुत्र होता. 1278 मध्ये पहिल्या एडवर्डने विंडसरच्या स्पर्धेसाठी चामड्याची 38 चिलखतं बनवून घेतली, सोबत व्हेलच्या हाडाच्या तलवारी. ती सरदारांच्या अंगावर चढली. आणि मापाचं म्हणाल, तर वरचं लुईचं फर्मान साध्या शिपायांसाठीच होतं.

राहता राहिलं "माप फक्त लोखंडाला". लोखंडाचं माप मऊ कोटावरून घेतात, उघड्या अंगावरून नाही. म्हणून आधी कोट, मग तो घालून चामड्याचं किंवा पत्र्याचं माप. तयार कोट घेत असाल तर खांदा आणि काख बघून घ्या. कंबर आत घेता येते, लांबी कापता येते, छाती थोडी कमी पडली तर पुढे बंद लावून भागतं, हात अडत असेल तर काखेत कळी घालता येते. पण खाली उतरलेला मुंढा वर चढवायचा तर बाही उसवून, धड नव्याने कापून, सगळ्या टिपा पुन्हा घालाव्या लागतात, आणि त्यापेक्षा नवा कोट शिवणं स्वस्त पडतं.