दुसऱ्या राऊटरला इंटरनेट येणार कुठून?

घरोघरी फायबर आल्यापासून जुने राऊटर कपाटावर धूळ खात पडलेत. त्यांच्या भल्यासाठी एक मेसेज सध्या सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय, सोसायटीच्या, शाळेच्या, भिशीच्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : जुना राऊटर टाकू नका. ज्या खोलीत रेंज नाही तिथे तो चालू करा आणि नाव-पासवर्ड नव्या राऊटरचाच द्या. वायर लागत नाही, स्पीड दुप्पट होतो. वायर घालायचीच असेल तर वॅन पोर्टात (राऊटरला बाहेरून इंटरनेट येण्याची जागा) घाला, बाकी सेटिंगला हात लावू नका. दोन्हींचं चॅनेल एकच ठेवा, फोन आपोआप राऊटर बदलतो. ‘५जी’वाला वायफाय निवडा, तो लांब जातो. आणि मागे ॲल्युमिनियम फॉइल लावा.

यातलं पहिलं वाक्य तेवढं बरोबर आहे, तेही बहुतेक वेळा. बाकीचं एकेक बघू.

‘नाव-पासवर्ड तेच दिलं की झालं, वायर नको.’

नाव म्हणजे नुसती पाटी. दोन दुकानांवर एकच पाटी लावली म्हणून एकाचा माल दुसऱ्यात जात नाही. जुन्या राऊटरला विजेशिवाय काहीच जोडलेलं नसेल तर तो फोनला आनंदाने जोडून घेईल, वायफायच्या सगळ्या काड्या दाखवील, आणि पुढे काहीच देणार नाही. कारण त्याच्याकडेच इंटरनेट नाही.

मग ‘आमच्याकडे तर चाललं’ असं सांगणारे का भेटतात? फोन उघडून बघा. वायफायच्या खुणेशेजारी बारीकसं उद्गारचिन्ह असतं. वायफायवर इंटरनेट नाही हे कळलं की बरेच अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. व्हिडिओ चालतो, माणूस खूश होतो, आणि संध्याकाळपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असतो. खात्री करायची तर मोबाइल डेटा बंद करून बघा. मिनिटभरात सोक्षमोक्ष लागतो.

बिनवायरीचा एक प्रकार खरा आहे. काही राऊटरांत ‘रिपीटर’ किंवा ‘डब्ल्यूडीएस’ अशी सोय असते. तिथे जुना राऊटर पहिल्याचा वायफाय पकडून पुढे फेकतो. पण ती सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि सगळ्या मॉडेलांत ती नसते. शिवाय एकाच रेडिओवर ऐकायचंही आणि सांगायचंही, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. मेसेजमध्ये आणखी एक घोळ आहे : ‘ज्या खोलीत रेंज नाही तिथे लावा.’ जिथे तुमच्या फोनला सिग्नल मिळत नाही तिथे रिपीटरला तरी तो कुठून मिळणार? तो लावायचा वाटेत, जिथे अजून बऱ्यापैकी रेंज आहे अशा जागी.

‘स्पीड दुप्पट होतो.’

नाही. महापालिकेच्या एकाच जोडणीवर घरात दुसरी तोटी बसवली म्हणून पाणी दुप्पट येतं का, हे सोलापूरकराला मी सांगायला नको. प्लॅन ५० एमबीपीएसचा असेल तर घरातल्या सगळ्या राऊटरांना मिळून तेवढंच. दुसऱ्या राऊटरने वाढतो तो पोहोचण्याचा पल्ला. म्हणून खर्च करण्याआधी पहिल्या राऊटरशेजारी उभं राहून वेग मोजा. तिथेच तो रडत असेल तर दोष भिंतींचा नाही. दुसरा राऊटर आणण्याऐवजी कनेक्शन देणाऱ्याला फोन करा.

‘वायर वॅन पोर्टात घाला, बाकी सेटिंग तशीच राहू द्या.’

खरी गडबड इथे आहे. असं केलं की जुना राऊटर स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटतो. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर बऱ्याचदा इंटरनेटच येत नाही. पत्ते वेगळे असले तर ब्राउझिंग चालतं, पण एका घरात दोन चुली झालेल्या असतात. वरच्या मजल्यावरच्या फोनला खालचा प्रिंटर दिसत नाही आणि मोबाइलवरचं टीव्हीवर टाकता येत नाही.

बरोबर पद्धत अशी. जुन्या राऊटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (स्वतःचं नेटवर्क न थाटता नुसता वायफाय पसरवायचा) असेल तर तो निवडा, तिथे केबल सहसा वॅनमध्येच जाते आणि काम संपतं. तो नसेल तर आधी फक्त जुन्या राऊटरला लॅपटॉप जोडा, खाली चिकटवलेल्या लेबलवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका आणि आत शिरा. पहिलं काम : त्याचा लॅन पत्ता, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता, बदलायचा. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल आणि फोनांना शेवटचा आकडा १०० पासून पुढे असलेले पत्ते वाटत असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या. दुसरं काम : डीएचसीपी बंद करायचं. डीएचसीपी म्हणजे फोनांना पत्ते वाटणारी यंत्रणा. ती घरात एकच हवी. हे विसरलात तर दोन राऊटर दोन तऱ्हेचे पत्ते वाटत बसतात, एका फोनवर इंटरनेट चालतं, दुसऱ्यावर नाही, आणि घरचे तुम्हालाच बोलतात. मग वायफायचं नाव-पासवर्ड टाका आणि केबल मुख्य राऊटरच्या लॅन पोर्टातून (घरातली उपकरणं जोडायची जागा) जुन्याच्या लॅन पोर्टातच घाला. वॅन पोर्ट रिकामा. टेलिफोनच्या तारेवर चालणारा जुना ब्रॉडबँडचा डबाही असा वापरता येतो. त्याचा टेलिफोनचा पोर्ट मोकळा सोडायचा, एवढंच.

केबल ‘कॅट ५ई’ घ्या. १०० मीटरपर्यंत ती १ जीबीपीएस वाहून नेते, घरासाठी मुबलक झालं. जुन्या राऊटरचे पोर्ट मात्र बऱ्याचदा १०० एमबीपीएसचेच असतात, तेव्हा ३०० चा प्लॅन असला तरी त्या टोकाला १०० च्या आतच मिळणार. केबल विजेच्या तारांच्या पाइपातून ओढू नका. गच्चीवरून न्यायची झाली तर बाहेरच्या वापराची घ्या; इथल्या उन्हात साध्या केबलचं आवरण टिकत नाही.

वायरवर मी एवढा अडून बसतो ते आपली घरं बघून. जुन्या पेठांतल्या वाड्यांच्या दगडी भिंती दोन-दोन फूट जाड. पूर्व भागात खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड : मधे सळ्यांचा स्लॅब, शेडला पत्रे, आणि लोखंडाचे माग. धातू लहरी परतवून लावतो. पाणीही वायफाय शोषतं, आणि पाणी रोज येत नसल्याने आपल्याकडे टाक्या आणि पिंपं काही कमी नाहीत. भरलेल्या टाकीमागे राऊटर ठेवून रेंज शोधू नका. आणि एक, उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा पसरतो, वर-खाली कमी. वरच्या मजल्यासाठी दोनपैकी एक अँटेना आडवा करून बघायला पैसे पडत नाहीत.

‘दोन्हींचं चॅनेल एकच ठेवा, फोन आपोआप राऊटर बदलतो.’

उलट. चॅनेल म्हणजे राऊटर ज्या लहरींवर बोलतो ती गल्ली. एका चॅनेलवर दोघे असले की एक बोलताना दुसऱ्याला गप्प बसावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ ही चॅनेलं एकमेकांत मिसळत नाहीत. एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या. फक्त बिनवायरीच्या रिपीटरला पहिल्याचंच चॅनेल घ्यावं लागतं. कोणत्या राऊटरला चिकटायचं हे फोन ठरवतो, आणि काही फोन फार चिकट असतात, जिना चढून वर आले तरी खालचा सोडत नाहीत. त्यावर साधा उपाय : खालच्याची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलचा जोर) कमी करा, किंवा सरळ नावं वेगळी ठेवा. म्हाताऱ्या माणसांच्या घरात मी एकच नाव ठेवा म्हणेन, थोडा वेग गेला तरी चालेल.

‘५जी लांब जातं.’

वायफायच्या नावापुढचं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. वेग जास्त, पण भिंत आली की दम लवकर सुटतो. त्याच खोलीतल्या टीव्हीला ते द्या, भिंतीपलीकडे २.४ बरं.

फॉइल? एका बाजूचा सिग्नल परतवून दुसऱ्या बाजूला थोडा वाढवते. राऊटर घराच्या कडेच्या भिंतीला असेल तर थोडाफार उपयोग, मधोमध असेल तर अर्धं घर अंधारात.

आता ‘जुना राऊटर टाकू नका’ हे ‘बहुतेक वेळा’च बरोबर असं का म्हटलं ते. जुन्या राऊटरच्या सुरक्षा सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ आणि एईएस हे पक्कं कुलूप दिसलं तर वापरा, आधी फॅक्टरी रीसेट मारून आणि ॲडमिनचा पासवर्ड बदलून. फक्त डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी हे जुने प्रकार दिसत असतील तर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जाणारच नाही आणि कुलूपही कच्चं. असला राऊटर ई-कचऱ्यात द्या, कितीही मेसेज आले तरी.